टॉर्च कुठे गेला? गेमवरच्या सिरीजला चाहते का चिडतात

प्रश्न: मी कोपरखैरण्यात राहतो. कॉलेजच्या चार मित्रांनी मिळून आम्ही लॉकडाउनमध्ये एक छोटा मोबाइल गेम केला होता. रात्रीची शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल चुकलेला मुलगा ठाण्याहून ऐरोलीपर्यंत रुळांच्या कडेने चालत येतो, एवढीच गोष्ट. गेम बऱ्यापैकी खेळला गेला. आता खरे कलाकार घेऊन त्यावर पाच भागांची वेबसिरीज करतोय. टीझर दाखवला आणि ज्यांनी गेम डोक्यावर घेतला होता तेच तुटून पडले. हीरोचे बूट चुकलेत इथपासून 'गेमचा आत्मा मारला' इथपर्यंत. मोठमोठ्या सिरीजचंही हेच होताना दिसतं. चाहत्यांचं किती ऐकायचं? ताई, तुम्ही इतकी वर्षं एडिटिंग करताय म्हणून विचारतो.

उत्तर:

तुमचा टीझर मी तीनदा पाहिला. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, आणि तिसऱ्यांदा भाच्याला शेजारी बसवून. तिसऱ्या खेपेला मी पडद्याकडे पाहतच नव्हते, त्याच्या हातांकडे पाहत होते. का, ते सांगते.

मी नौपाड्यातली. एडिटिंगला सुरुवात केली तेव्हा बीटाकॅमच्या टेप होत्या, आणि आयुष्याचा बराच भाग ठाणे-घाटकोपर-अंधेरी या वाटेवर गेला. दैनंदिन मालिका केल्या, वेबसिरीज केल्या. एकेका सुनेचा दचकलेला चेहरा तीन-तीन बाजूंनी दाखवण्याचं पापही माझ्या खात्यावर आहे. गेमशी मात्र माझा संबंध कॅसेटवर फुंकर मारण्यापुरता. भाऊ तासन्‌तास 'कॉन्ट्रा' खेळायचा आणि मी दुसरा कंट्रोलर धरून दर दोन मिनिटांनी मरायचे. त्यामुळे २०२३च्या जानेवारीत 'द लास्ट ऑफ अस' आली तेव्हा ती मी फक्त सिरीज म्हणून बघितली. साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात जोएल नावाचा माणूस एली या मुलीला घेऊन लांबच्या प्रवासाला निघतो, ही तिची गोष्ट. भाच्याने मूळ गेम दोनदा संपवलेला. दर आठवड्याला मी ऐरोलीला भावाकडे जायचे आणि आम्ही दोघं एकत्र बघायचो.

शेवटच्या भागात जिराफाचा प्रसंग आहे. उजाड झालेल्या शहरात, एका पडक्या इमारतीत जोएल आणि एलीला अचानक जिराफ दिसतो. इतके भाग मारामारी आणि रक्त पाहिल्यावर ती दोन मिनिटं म्हणजे उन्हातून आल्यावर माठातलं पाणी. एडिटर म्हणून मी मनात म्हटलं, वा, किती धीराने धरलाय शॉट, मला कुणी एवढं थांबू दिलं नसतं. आणि शेजारून आवाज आला, "एवढंच?"

मी विचारलं, "म्हणजे?"

"आत्या, गेममध्ये इथे कठड्याला टेकून उभं राहता येतं. आपण हलेपर्यंत ते दोघं तिथेच असतात, जिराफ तिथेच असतात. मी बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धा तास उभा होतो तिथे. पुढे काहीतरी वाईट होणार हे माहीत होतं, म्हणून जायचंच नव्हतं."

गंमत म्हणजे तो जिराफ खरा होता, कॅल्गरीच्या प्राणिसंग्रहालयातला, आणि अनेकांना तो कॉम्प्युटरवर केलेला वाटला. सिरीजवाल्यांनी जितं जनावर आणून उभं केलं आणि भाच्याचं समाधान झालं नाही. त्याला हवं होतं ते कॅमेऱ्यात येणारच नव्हतं. किती वेळ थांबायचं हे गेममध्ये तो ठरवत होता. सिरीजमध्ये ते कुठल्या तरी एडिटरने ठरवलं, म्हणजे माझ्यासारख्या कुणीतरी.

त्याच भागात पुढे हॉस्पिटलचा प्रसंग येतो. एलीच्या शरीरातून साथीवर औषध मिळण्याची शक्यता आहे, पण त्यासाठी तिचा जीव जाणार. जोएल तिला सोडवायला आत घुसतो. सिरीजमध्ये तो मजल्यामागून मजला माणसं मारत जातो, गोळ्यांचे आवाज मागे सरतात, त्यावर उदास संगीत चढतं. आपण लांब उभं राहून एका माणसाचा ऱ्हास बघतो. कट म्हणून तो उत्तमच आहे. पण गेममध्ये ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर हातात सुरी घेऊन आडवा येतो आणि पुढचं खेळणाऱ्यालाच करावं लागतं. नाही केलं तर गोष्ट पुढे सरकतच नाही. भाचा सिरीज बघताना म्हणाला, "भारी केलंय. पण यात मला ढकललं नाही कुणी." हे म्हणताना त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता आणि उजव्या हाताचं पहिलं बोट रिमोटच्या पाठीवर दाबलेलं होतं, ट्रिगर असतो त्या जागी. त्याला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

तेव्हापासून गेमवरची सिरीज आली की चाहत्यांची तक्रार मी जरा वेगळ्या कानाने ऐकते. तक्रारीत कपडे, चेहरा, सनावळी, काय वाटेल ते असतं. मी शोधते ते एवढंच की याच्या हातातून नेमकं काय काढून घेतलं गेलं आणि बदल्यात काही दिलं का.

याच सिरीजची सुरुवात बघा. गेममध्ये पहिल्यांदा आपण जोएल नसतोच. आपण त्याची मुलगी सारा असतो. मध्यरात्री उठून अंधाऱ्या घरात बाबांना शोधत फिरतो. थोड्याच वेळात ती मरते, आणि ज्या मुलीला आपण चालवत होतो ती गेली म्हणून आत काहीतरी तुटतं. पडद्यावर हे चालवणं शक्य नाही. सिरीज करणारे क्रेग मेझिन आणि गेमचे मूळ लेखक नील ड्रकमन यांनी मग साराचा अख्खा दिवस दाखवला. नाश्ता, शाळा, बाबांच्या वाढदिवसासाठी घड्याळ दुरुस्त करून आणणं, शेजारच्या आजींकडे जाणं. समीक्षकांच्या भाषेत 'संथ' म्हणतात तसा दिवस. हातातला कंट्रोलर काढून घेतला आणि त्याच्या मोबदल्यात तिच्यासोबत घालवायला वेळ दिला. साथीचं वर्षसुद्धा त्यांनी गेमच्या २०१३ वरून २००३ वर नेलं. एरवी गेमचा इतिहास-भूगोल तोंडपाठ असलेल्या मंडळींनी यावरून आकाशपाताळ एक केलं असतं. फारसं कुणी काही बोललं नाही, कारण सारा त्यांना सापडली होती.

तिसरा भाग याहून धाडसी. गेममधला बिल हा एकटा, खवट माणूस. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला भेटतो तो मेलेलाच, बिलला शिव्या देणारी चिठ्ठी मागे ठेवून. सिरीजने हे पार उलटं केलं आणि दोघांच्या प्रेमाची सगळी वर्षं दाखवली. बिल झालेल्या निक ऑफरमनला त्यासाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. मूळ गोष्टीत एवढा फेरफार, आणि गेम खेळलेल्या कितीतरी जणांना तोच भाग सगळ्यात आवडला. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. गेममधला तो टप्पा बव्हंशी सापळे आणि गोळीबाराचा. तिथे खेळणाऱ्याने मनात जपून ठेवावं असं थोडकंच होतं, तेव्हा हिरावून घेतल्याची भावना आली नाही. त्याच भागावर इंटरनेटवर एका ताऱ्याचा पाऊसही पडला, पण तो मुख्यतः दोन पुरुषांचं प्रेम बघवलं नाही म्हणून. तसल्या प्रतिक्रियेचा गेमशी काही संबंध नसतो. ती चाळणीतून आधीच बाजूला काढा, तिच्यावर वेळ घालवू नका. तुमच्या टीझरवरही नायिकेच्या रंगावरून दोन-चार जण बोलले आहेत, त्यांना मी याच ढिगात टाकलं.

आता फसलेलं उदाहरण. 'हेलो'. २००१ पासूनचा गेम, नायक मास्टर चीफ, अंगावर हिरवं चिलखत, डोक्यावर सोनेरी काचेचं हेल्मेट. मुख्य गेममध्ये त्याचा पूर्ण चेहरा कधीच दाखवलेला नाही. २०२२च्या मार्चमध्ये सिरीज आली आणि पहिल्याच भागात त्याने हेल्मेट काढलं. आत पाब्लो श्रायबर, चांगला नट. निर्मात्यांची बाजू मला पूर्ण कळते: चेहरा नसेल तर रिअॅक्शन शॉट कुठून आणणार? आमचा तर सगळा धंदा त्यावर चालतो. पण ते हेल्मेट गेली वीस वर्षं रिकामं होतं, कारण आत खेळणारा बसलेला होता. गोरेगावचा असो नाहीतर घणसोलीचा, प्रत्येकाने त्या काचेमागून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. सिरीजने हेल्मेट काढल्यावर आतून दुसराच कुणी निघाला. ठाण्याच्या लोकलमध्ये रोजची खिडकी पकडायला जावं आणि तिथे कुणी ऐसपैस बसलेलं असावं, तसं झालं ते. त्यात त्या सिरीजच्या प्रमुखाने आम्ही गेमकडे पाहिलंच नाही अशा अर्थाचं मुलाखतीत सांगून टाकलं. हे कधी बोलू नये हो, खरं असलं तरी. दोन सीझन झाले आणि जुलै २०२४ मध्ये ती बंद पडली.

बरं, हेल्मेट ठेवून सिरीज चालत नाही म्हणावं तर 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'द मँडलोरियन' या सिरीजचा नायक जवळजवळ पूर्णवेळ हेल्मेटमध्येच वावरतो आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या हेल्मेटमागचा नट पेड्रो पास्कल, म्हणजे आपला जोएलच.

'रेसिडेंट ईव्हिल'च्या सिरीजबद्दल फार लिहीत नाही. जुलै २०२२ मध्ये आली, पुढच्याच महिन्यात रद्द झाल्याचं कळलं. नाव गेमचं आणि आत शाळकरी बहिणींची वेगळीच गोष्ट. ज्यांना नाव बघून यावंसं वाटलं त्यांना आत ओळखीचं फार थोडं भेटलं.

'फॉलआउट'वर मात्र थांबायला हवं, कारण तुमच्या कामाला ती जास्त उपयोगी आहे. १९९७ पासूनची ही गेममालिका. अणुयुद्धानंतरचं जग, तळघरातल्या वसाहतींतून वर आलेली माणसं. यात नायक कोण, चांगला की नालायक, कुणाच्या बाजूचा, सगळं खेळणारा ठरवतो. मग खरी गोष्ट कुणाची घ्यायची? माझी घेतली तर तुमची खोटी ठरते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या सिरीजने हा तिढा टाळला. कुठल्याच गेमची गोष्ट त्यांनी घेतली नाही. जग तेच, माणसं नवी: निळ्या-पिवळ्या गणवेशातली लूसी, नाक झडलेला घूल, चिलखती पंथातला मॅक्सिमस. मनगटावरचा छोटा कॉम्प्युटर पिप-बॉय, जुन्या रेडिओसारखी वाजणारी चाळीसच्या दशकातली गाणी, भीषण प्रसंगात मधूनच येणारा चावट विनोद, हे सगळं जागच्या जागी. खेळणाऱ्याची स्वतःची गोष्ट त्याच्याकडेच सुखरूप राहिली. लोकांनी सिरीज बघून जुने गेम पुन्हा काढले. माझ्या भाच्याने २०१५चा 'फॉलआउट ४' परत डाउनलोड केला आणि दोन आठवडे त्याच्या आईला तो जेवणाच्या टेबलावर दिसला नाही.

त्यातली एक जागा मला फार आवडते. गेमच्या सगळ्या चित्रांत एक हसरा कार्टून मुलगा अंगठा वर करून उभा असतो. चाहत्यांत वर्षानुवर्षे एक कल्पना फिरत होती: तो 'मस्त!' म्हणत नाहीये, तर स्फोटाचा ढग अंगठ्यापेक्षा मोठा दिसतो की लहान, हे मापतोय. सिरीजने ती कल्पना उचलली आणि पहिल्याच प्रसंगात एका बापाच्या तोंडी घातली. मुलीला तो हे समजावतो आणि थोड्याच वेळात खरा ढग उठतो. चाहत्यांचं ऐकणं म्हणतात ते हे. त्यांनी प्रेमाने रचलेलं काहीतरी घेतलं आणि गोष्टीच्या कामाला लावलं.

पण याच सिरीजला चटका कशाचा बसला? वर्गातल्या फळ्याचा! एका भागात फळ्यावर शेडी सँड्स या शहराच्या पतनापुढे २२७७ हे साल लिहिलेलं दिसतं, पुढे बाण आणि ढग. 'न्यू व्हेगस' हा २०१० चा लाडका गेम घडतो २२८१ मध्ये, आणि त्यात ते शहर उभं असल्याचं धरलेलं आहे. झालं. आमचा गेम इतिहासातून पुसला म्हणून इतका गलका झाला की गेमच्या कंपनीला खुलासा करावा लागला: शहराची घसरण २२७७ ला सुरू झाली, बॉम्ब 'न्यू व्हेगस'नंतर पडला. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्याने त्या वाळवंटात शंभर तास घालवून कुणाला जगवायचं, कुणाला सत्ता द्यायची हे ठरवलं, त्याला फळ्यावरचे ते चार आकडे सांगत होते की तुझ्या त्या निर्णयांना काही अर्थच नव्हता. पाहिलंत, पुन्हा हातच.

'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या सीझनला २०२५ मध्ये लोक ॲबी या एलीच्या वैरिणीच्या दंडांवरून भांडत होते, तेही याच जातीचं. गेममधली ॲबी पिळदार, सिरीजमध्ये ती झालेली केटलिन डेव्हर सडपातळ. ड्रकमनचं स्पष्टीकरण असं होतं की गेममध्ये ॲबी चालवायला एलीपेक्षा वेगळी वाटणं गरजेचं होतं, म्हणून तिला ते शरीर दिलं; सिरीजला ती गरज नाही. निर्मात्याच्या बाजूने अगदी बरोबर. पण खेळणाऱ्याने तो जडपणा, तो ठोसा बोटांनी अनुभवलेला आहे. त्याला तुम्ही 'गरज नाही' म्हणता, तेव्हा मोबदल्यात काय देणार हे सांगावं लागतं. सिरीजने ॲबीच्या रागाचं कारण सुरुवातीलाच सांगून टाकलं. गेम ते कितीतरी तास दडवतो, आधी तिचा द्वेष करायला लावतो आणि मग तिलाच तुमच्या हातात देतो. सिरीजचा निर्णय मला समजतो, मात्र इथे मोबदला कमी पडला असं मला वाटतं.

या सगळ्यात एक माझी स्वतःची फजिती सांगते. एका जुन्या, घराघरांत वाचल्या गेलेल्या कादंबरीवर मालिका करत होतो. वाचकांची पत्रं आली, खूप आली. वाडा चुकला, लुगड्याचे काठ चुकले, बोली कोकणातली नाही घाटावरची झाली. चॅनेलने घाबरून वाड्याचा रंग बदलला. पत्रं थांबेनात. मग एका बाईंचं पोस्टकार्ड आलं, दोनच ओळी: "आजोबा सुपारी का कातरत नाहीत? आम्हाला ते घरात आहेत असं वाटत नाही." तो अडकित्ता मीच उडवला होता. संवादांवर त्याचा कटकट आवाज येत होता, साफ होईना, म्हणून सगळे ते शॉट काढून टाकले. कादंबरीत आजोबा फार बोलतच नाहीत. अडकित्त्याचा आवाज आला की सुना पदर सावरतात, एवढंच. मी आवाज काढला आणि आजोबांना घरातून घालवलं. वाडा, लुगडं, बोली या तक्रारी खोट्या नव्हत्या, पण आजोबा घरात असते तर त्यातल्या निम्म्या झाल्या नसत्या. कळलं तेव्हा साठ-सत्तर भाग जाऊन चुकले होते.

आता तुमचा टीझर. 'आत्मा मारला' याचा अर्थ असा घ्या की काहीतरी गेलंय पण काय ते सांगता येत नाहीये. चॅनेलवाले 'थोडा फील येत नाहीये' म्हणतात तसंच. बुटांची तक्रार खरी आहे, गेममध्ये फाटक्या चपला आहेत, तीनशे रुपयांचं काम आहे, बदलून टाका. २०१९ मध्ये सॉनिक या गेममधल्या निळ्या प्राण्याच्या चित्रपटाचा ट्रेलर आला तेव्हा त्याचे माणसासारखे दात बघून लोक किंचाळले, आणि निर्मात्यांनी प्रदर्शन नोव्हेंबरवरून पुढच्या फेब्रुवारीत ढकलून अख्खा प्राणी नव्याने केला. टीझर लवकर दाखवल्याचा हाच फायदा.

पण तुमचा अडकित्ता दुसरा आहे. भाच्याने तुमचा गेम टीझरच्या आधी तासभर खेळला. गेममधल्या मुलाच्या मोबाइलची बॅटरी १४ टक्के. टॉर्च लावला तर रूळ दिसतात, पण बॅटरी उतरते. बंद केला तर फक्त आवाज, आणि तो अंधारात कान देऊन उभा राहतो. खेळताना भाच्याचा अंगठा सारखा कोपऱ्यातल्या त्या बटणावर घिरट्या घालत होता. मग टीझर लावला. पन्नास सेकंदांत तुमच्या हीरोने एकदाही मोबाइल हातात घेतला नाही. रुळांवर निळसर प्रकाश आहे, सगळं लख्ख दिसतंय, कॅमेरामनने मेहनत घेतलीय हे उघड आहे. वर हीरोचं मनोगत चालू, "त्या रात्री मला कळलं की..." भाच्याचा अंगठा मांडीवर पडून राहिला.

लाइट कमी करा. पैसे वाचतील, हे निर्मात्याला आधी सांगा म्हणजे तो लगेच हो म्हणेल. मनोगत पूर्ण काढा. गेममध्ये तो मुलगा गप्प आहे, कारण विचार खेळणारा करतो. पडद्यावर बटण देता येत नाही हे मान्य, तर बदल्यात वेळ द्या: टॉर्च बंद झाल्यावर पडदा खरोखर काळा ठेवा, अंगावर येईल इतका वेळ. विटाव्याच्या बाजूने येणारा मालगाडीचा आवाज फक्त ऐकू द्या. लावतो की नाही, लावतो की नाही, हे बघणाऱ्याच्या बोटात उतरलं पाहिजे. नवा कट झाला की गेम खेळलेली चार-पाच मुलं बसवा आणि तुम्ही पडद्याला पाठ करून बसा. तोंडाने ती काय म्हणतात ते नंतर विचारा.

आणि एक. तिसाव्या सेकंदाला हीरोच्या मागे दिघा गाव स्टेशनची पाटी दिसते. तुमच्या गेमची गोष्ट २०१९च्या पावसाळ्यातली आहे, ते स्टेशन सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये. शॉट चांगला आहे, पण पाटी फ्रेमबाहेर घ्या. भाच्याने ती पहिल्याच खेपेला धरली.